कॅनोपी विमोचन प्रणाली

कॅनोपी विमोचन प्रणाली ही लढाऊ व प्रशिक्षणार्थी विमानांतील एक आपत्कालीन सुरक्षा यंत्रणा आहे. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक आच्छादनाला कॅनोपी म्हणतात. विमान सोडून देण्याची वेळ आली की ही कॅनोपी विमानापासून तोडून दूर भिरकावणे, किंवा जागच्या जागी तिचे तुकडे करून वैमानिकाच्या आसनाला वाट मोकळी करून देणे, हे या प्रणालीचे काम होय. आधुनिक विमानांत ती इजेक्शन सीटशी जोडलेली असते व एकच हँडल ओढल्यावर दोन्ही यंत्रणा ठरलेल्या क्रमाने कार्यान्वित होतात. हवेतील सुटकेखेरीज जमिनीवर अडकलेल्या वैमानिकाला बाहेर काढण्यासाठीही तिचा स्वतंत्रपणे वापर करता येतो.

कॅनोपीकडून परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. पक्ष्याची धडक, ध्वनीहून अधिक वेगाच्या उड्डाणातील उष्णता आणि उंचावर कॉकपिटमधील हवेचा आतून येणारा दाब हे सर्व तिने वर्षानुवर्षे सोसले पाहिजे. मात्र गरज पडताच अर्ध्या सेकंदाच्या आत ती तेथे नसली पाहिजे. कॅनोपी जितकी मजबूत, तितकी ती हटवणे कठीण. या यंत्रणेची आजवरची वाटचाल त्या अर्ध्या सेकंदातून काही अंश वाचवण्याची आहे, आणि प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत वैमानिकाला मोजावी लागली आहे.

इतिहास

पहिल्या महायुद्धातील विमानांचे कॉकपिट उघडे असे. विमानातून उडी मारताना वैमानिकापुढे काचेचा अडथळा नव्हता. १९३० च्या दशकात विमानांचा वेग वाढला, वाऱ्याचा मारा असह्य होऊ लागला आणि बंद कॅनोपी रूढ झाली. वैमानिकाचे रक्षण करणारे हे आच्छादन संकटात त्यालाच कोंडून ठेवू शकते, हे त्यानंतर लवकरच ध्यानात आले.

ब्रिटिश स्पिटफायर विमानाची कॅनोपी रुळांवरून मागे सरकत असे. वेग वाढला की वाहत्या हवेमुळे तिच्यावर पडणारा ताण असा असे, की ती हाताने मागे ढकलणे अवघड होई. म्हणून सुरुवातीच्या काही विमानांत कॅनोपीच्या बाजूला ठोसा मारून पाडता येईल असा लहान तुकडा बसवला गेला. तो निघाला की आतला व बाहेरचा दाब सारखा होई. पुढे विमोचनाची सोय आली. वैमानिकाने कॅनोपीच्या माथ्यावरील रबरी गोळा खाली ओढायचा आणि कोपरांनी तिच्या खालच्या कडा बाहेर ढकलायच्या, अशी ती पद्धत होती. तरीही कॅनोपी अडकलीच तर उपयोगी पडावी म्हणून कॉकपिटच्या दारावर एक लहान पहार अडकवलेली असे. युद्धकाळातील विमानांच्या संग्रहालयांत ही पहार आजही पाहायला मिळते. पेटलेल्या विमानात अरुंद आसनावर पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाने ती वापरायची, एवढ्यावरून त्या काळच्या व्यवस्थेची कल्पना यावी.

जर्मन मेसरश्मिट बीएफ १०९ ची कॅनोपी उजव्या बाजूच्या बिजागरीवर उघडणारी होती. उड्डाणात ती तशी उघडणे शक्य नसल्याने तिला सोडवणारी वेगळी तरफ होती. फॉके-वुल्फ एफडब्ल्यू १९० मध्ये रुळांवरच्या कॅनोपीची अडचण पुन्हा उद्भवली. अधिक वेगात हवा तिला जागेवरच दाबून धरी. तेथे उपाय म्हणून स्फोटक काडतूस बसवण्यात आले. त्याच्या धक्क्याने कॅनोपी मागे सरके आणि मग वारा तिला उडवून नेई. स्नायूंऐवजी दारूची ताकद वापरण्याचा हा प्रयोग पुढे सर्वत्र स्वीकारला गेला.

इजेक्शन सीटच्या आगमनाने कॅनोपी हटवणे अधिकच निकडीचे झाले. १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मनीत हाइन्केल एचई २८० हे विमान दुसऱ्या विमानांच्या साह्याने ओढून नेले जात असताना त्याची नियंत्रणे बर्फाने गोठली. वैमानिक हेल्मुट शेंक याने आधी कॅनोपी फेकून दिली आणि मग दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सीटच्या साह्याने तो बाहेर पडला. संकटप्रसंगी इजेक्शन सीट वापरून जीव वाचल्याची ही पहिली घटना मानली जाते. आधी आच्छादन, मग आसन हा क्रम तेथेच दिसतो. महायुद्धानंतरच्या पहिल्या पिढीतील जेट विमानांत या दोन स्वतंत्र कृती होत्या: एका हँडलने कॅनोपी जाई, दुसऱ्याने सीट सुटे. गरगरत कोसळणाऱ्या विमानात दोन हँडले शोधून योग्य क्रमाने ओढणे सर्वांनाच साधत नसे. त्यामुळे दोन्ही यंत्रणा एकाच हँडलला जोडण्यात आल्या. कॅनोपीचे वेगळे हँडल मात्र अनेक विमानांत आजही कायम आहे. त्याचे कारण पुढे आले आहे.

कार्यपद्धती

वैमानिकाने सीटचे हँडल ओढले की एक लहान काडतूस पेटते आणि त्यातून निघालेला उष्ण वायू नळ्यांमधून कॅनोपीच्या कड्यांपर्यंत पोहोचतो. वायूच्या दाबाने दट्ट्या सरकतो व कॅनोपी विमानाशी जखडणारे खटके सुटतात. त्यानंतर तिला वर उचलावे लागते. काही विमानांत हे काम वायूच्या दाबावर चालणारा दंडगोल करतो, तर एफ-१६ सारख्या विमानात कॅनोपीच्या चौकटीवरच छोटी रॉकेटे बसवलेली असतात. कॅनोपीची पुढची कड थोडी उचलली गेली की समोरून येणारी हवा तिच्याखाली शिरते आणि पुढचे काम वारा करतो. मागच्या बिजागरीवर फिरत कॅनोपी उभी होते, ठरावीक कोनानंतर बिजागरीही सुटते आणि ती विमानाच्या मागे भिरकावली जाते. जाताना ती शेपटीच्या उभ्या पंखावर आपटू नये, हेही रचनाकाराला पाहावे लागते.

वेगवान उड्डाणात वारा मदतीला असतो. विमान धावपट्टीवर उभे असताना तो नसतो, म्हणून शून्य वेगातही कॅनोपी पुरेशी दूर जाईल इतकी ताकद रॉकेटमध्ये किंवा दंडगोलात ठेवावी लागते. शून्य उंची व शून्य वेग या स्थितीतही जीव वाचवू शकणाऱ्या इजेक्शन सीटच्या बरोबरीने कॅनोपी प्रणालीलाही ही कसोटी उतरावी लागते.

कॅनोपी खरोखर गेली आहे की नाही, हे सीटला कळणे आवश्यक असते. जुन्या व्यवस्थेत यासाठी साधा पण खात्रीचा उपाय होता. सीट पेटवणाऱ्या यंत्रणेत एक अडसर असे आणि तो दोरीने किंवा तारेने कॅनोपीला बांधलेला असे. कॅनोपी निघून जाताना अडसर उपसून नेई, आणि तेव्हाच सीट सुटू शके. अमेरिकेच्या एफ-४ फँटम विमानात अशी व्यवस्था होती. दोन आसनांच्या विमानांत साधारणतः मागचा माणूस आधी बाहेर पडतो. पुढची सीट आधी सुटली तर तिच्या रॉकेटच्या ज्वाळा मागे बसलेल्याला होरपळतील, हे त्यामागचे कारण. त्यानुसार कॅनोपी व सीट यांचा क्रमही यंत्रणेत आधीच ठरवलेला असतो.

हँडल ओढल्यापासून कॅनोपी वाटेतून बाजूला होईपर्यंत सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ सेकंद जातात. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान ०.४ सेकंदात १०० मीटर पुढे जाते. तेच विमान दर सेकंदाला ५० मीटर या वेगाने खाली कोसळत असेल, तर तेवढ्या वेळात ते २० मीटर उंची गमावते. उंचावर या आकड्यांना महत्त्व नाही. जमिनीलगत मात्र पॅराशूट उघडेल की नाही हे त्यावर ठरते. ८ जून १९८९ रोजी पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात मिग-२९ चे इंजिन बंद पडले, तेव्हा वैमानिक अनातोली क्वोचूर शेवटच्या क्षणी बाहेर पडला आणि पॅराशूट पुरते फुलण्याआधीच जमिनीवर आदळूनही बचावला. या अपघाताचे चित्रीकरण उपलब्ध आहे.

कॅनोपी फोडून बाहेर पडणे

वेळ वाचवण्याचा सरळ मार्ग म्हणजे कॅनोपी फेकण्याच्या भानगडीत न पडता सीटनेच ती फोडून बाहेर जाणे. यासाठी सीटच्या माथ्यावर टोकदार पोलादी भाग बसवतात. अमेरिकी नौदलाच्या ए-६ इंट्रुडर विमानात हीच पद्धत होती. कॅनोपी पातळ आणि ठिसूळ अॅक्रिलिकची असेल तरच ते शक्य होते. शिवाय तुकड्यांनी मान, खांदे व हात जखमी होण्याचा धोका राहतो.

या विमानाशी निगडित एक विलक्षण घटना ९ जुलै १९९१ रोजी घडली. विमानवाहू जहाज अब्राहम लिंकन वरून उडालेल्या केए-६डी विमानात वैमानिकाच्या शेजारी बसलेले लेफ्टनंट कीथ गॅलाघर यांची सीट बिघाडामुळे अर्धवट सुटली. ते कॅनोपी फोडून कंबरेपर्यंत बाहेर आले आणि तसेच वाऱ्यात अडकून राहिले. पॅराशूट उघडून विमानाच्या शेपटीभोवती गुंडाळले गेले. वैमानिक लेफ्टनंट मार्क बेडन यांनी त्या अवस्थेत विमान जहाजावर उतरवले आणि गॅलाघर वाचले.

स्फोटक दोरी

फेकणे आणि फोडणे यांच्यामधला मार्ग म्हणजे स्फोटक दोरी. ही दोरी एमडीसी या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. शिशाच्या बारीक नळीत भरलेले स्फोटक कॅनोपीच्या आतल्या पृष्ठभागावर नागमोडी किंवा चौकटीच्या आकारात चिकटवलेले असते. हँडल ओढताच ते पेटते आणि काही सहस्रांश सेकंदांत अॅक्रिलिकच्या ठिकऱ्या होतात. सीट त्या मोकळ्या जागेतून वर जाते आणि कॅनोपी दूर जाण्याची वाट पाहण्याचा वेळ वाचतो.

हॅरियर या ब्रिटिश विमानाला ही पद्धत विशेष सोयीची ठरली. ते हवेत एका जागी तरंगू शकते. अशा वेळी कॅनोपी ओढून नेणारा वारा नसतो आणि इंजिन बंद पडल्यास विमान दगडासारखे खाली येते. हॉक या प्रशिक्षणार्थी विमानाच्या कॅनोपीवरही स्फोटक दोरीची नागमोडी रेषा स्पष्ट दिसते. भारतीय हवाई दलाचा सूर्यकिरण चमू याच विमानावर कसरती करतो. प्रेक्षकांपैकी अनेकांना ती काचेवरील नक्षी किंवा तापवण्याची तार वाटते.

या पद्धतीचा मुख्य दोष म्हणजे स्फोट वैमानिकाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. वितळलेल्या शिशाचे शिंतोडे उडतात व उघड्या त्वचेवर भाजल्याच्या जखमा होऊ शकतात. म्हणून शिरस्त्राणाची काच खाली घेणे आणि हातमोजे घालणे अशा सूचना वैमानिकांना दिलेल्या असतात. या इजा सहसा किरकोळ असतात आणि अर्ध्या सेकंदाच्या बदल्यात त्या स्वीकारल्या जातात.

२० मार्च २०१९ रोजी फ्रान्समधील सें-दिझिए तळावरून उडालेल्या दोन आसनी राफेलमध्ये मागे बसलेल्या ६४ वर्षांच्या नागरी प्रवाशाने तोल सावरताना नकळत इजेक्शनचे हँडल पकडले. कॅनोपी फुटली आणि तो बाहेर फेकला गेला. नियमाप्रमाणे त्यानंतर वैमानिकाची सीटही सुटायला हवी होती, पण बिघाडामुळे तसे झाले नाही. वैमानिकाने विमान सुखरूप उतरवले. प्रवासीही पॅराशूटने खाली येऊन बचावला.

कोणत्या विमानाला कोणती पद्धत योग्य, हे बरेचसे कॅनोपीच्या द्रव्यावर ठरते. अॅक्रिलिक स्फोटाने तडकते. पॉलिकार्बोनेट चिवट असते. ते वाकते, पण सहज फुटत नाही. एफ-१६ ची चौकटविरहित कॅनोपी पॉलिकार्बोनेटची असून सुमारे १.८ किलो वजनाच्या पक्ष्याची ताशी ६५० किलोमीटर वेगाने होणारी धडक सोसावी, अशा अपेक्षेने ती घडवण्यात आली. अशी कॅनोपी डोक्याने फोडण्याचा प्रश्नच येत नाही. ती फेकावीच लागते. एफ-३५ ची कॅनोपी पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. तिला वारा मागे उलटवू शकत नाही, त्यामुळे तेथे स्फोटकाने काच तोडण्याचा मार्ग निवडला आहे.

मिग-२१ मधील वेगळी कल्पना

सोव्हिएत रशियाच्या मिग-२१ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कॅनोपी पुढच्या बाजूने उघडत असे आणि इजेक्शनच्या वेळी ती फेकली जात नसे. ती सीटला अडकून वैमानिकाबरोबरच विमानाबाहेर पडे व ढालीप्रमाणे त्याचे प्रचंड वाऱ्यापासून रक्षण करी. वेग कमी झाल्यावर ती सुटून जाई. ध्वनीच्या दुप्पट वेगात उघड्या वाऱ्याला तोंड देणे म्हणजे भिंतीवर आदळण्यासारखेच असल्याने ही कल्पना कागदावर उत्तम होती. व्यवहारात मात्र यंत्रणा गुंतागुंतीची झाली, आणि कॅनोपीपासून सुटका होऊन पॅराशूट उघडण्यास लागणाऱ्या वेळामुळे कमी उंचीवर ती निरुपयोगी ठरली. अपघात बहुधा उड्डाण आणि अवतरण यांच्या वेळी, म्हणजे जमिनीजवळच होतात. मिग-२१ पीएफएम या आवृत्तीपासून केएम-१ ही नवी सीट आली, समोरची काच स्थिर झाली आणि उजव्या बाजूला उघडणारी व आधी फेकली जाणारी कॅनोपी बसवली गेली.

भारतीय हवाई दलाने १९६३ पासून मिग-२१ वापरात आणले. नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात प्रथम तयार झालेली मिग-२१ एफएल ही आवृत्ती जुन्या, सीटसोबत जाणाऱ्या कॅनोपीची होती. नंतरच्या आवृत्त्यांत नवी पद्धत आली. सुटकेच्या दोन परस्परभिन्न पद्धतींची विमाने त्यामुळे एकाच कारखान्यातून बाहेर पडली.

सपाट गिरकीतील धोका

कॅनोपी फेकण्याच्या पद्धतीत एक गृहीतक असते: फेकलेली कॅनोपी मागे निघून जाईल. सपाट गिरकीत ते खोटे ठरू शकते. या अवस्थेत विमान भोवऱ्यासारखे फिरत जवळजवळ आडवेच खाली पडते. पुढे जाण्याचा वेग नगण्य असतो व हवा खालून येते. विमानाच्या वर कमी दाबाचा एक संथ पट्टा तयार होतो आणि सुटलेली कॅनोपी दूर न जाता तेथेच घोटाळू शकते. सीट त्याच जागेतून वर येणार असते.

‘टॉप गन’ या १९८६ च्या हॉलिवूड चित्रपटात एफ-१४ विमानातील गूस या पात्राचा मृत्यू अशाच प्रसंगात कॅनोपीवर डोके आपटून होतो. चित्रपटातील हवाई प्रसंगांत अतिशयोक्ती पुष्कळ असली तरी हा धोका काल्पनिक नाही. एफ-१४ च्या वैमानिकांसाठीच्या अधिकृत पुस्तिकेत सपाट गिरकीची खात्री पटल्यावर आधी कॅनोपी स्वतंत्र हँडलने फेकावी आणि मग इजेक्शन करावे, असा क्रम दिलेला होता. एकाच हँडलची सोय झाल्यानंतरही कॅनोपीचे वेगळे हँडल ठेवले जाते, त्याचे हे एक कारण आहे. धुराने भरलेला कॉकपिट, किंवा जमिनीवर उतरल्यानंतर लागलेली आग, हे इतर प्रसंग.

भारतातील विकास

तेजस या हलक्या लढाऊ विमानासाठी कॅनोपी तोडण्याची स्फोटक प्रणाली पुण्यातील पाषाण-सुतारवाडी परिसरातील डीआरडीओच्या प्रयोगशाळांत विकसित झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग उड्डाणात, सीट सुटण्याच्या काही सहस्रांश सेकंद आधी, अॅक्रिलिकची कॅनोपी फोडतो. दुसरा जमिनीवरील सुटकेसाठी आहे. स्फोटक पुरेसे प्रभावी हवे, पण त्याने वैमानिकाला इजा होता कामा नये; ही मर्यादा सांभाळणे हाच अशा विकासातला कळीचा भाग असतो. सीट मात्र ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीची आहे. १२ मार्च २०२४ रोजी जैसलमेरजवळ तेजसला पहिला अपघात झाला. त्या वेळी वैमानिक इजेक्शन करून सुरक्षित बाहेर पडला.

अशा यंत्रणांची चाचणी रुळांवरून रॉकेटने पळवल्या जाणाऱ्या गाडीवर घेतात. गाडीवर विमानाचा पुढचा भाग बसवतात आणि आत माणसाऐवजी मोजमापाची उपकरणे भरलेला पुतळा ठेवतात. चंदीगडच्या टीबीआरएल या प्रयोगशाळेच्या रुळांवर डिसेंबर २०२५ मध्ये ताशी ८०० किलोमीटर वेगाने अशी चाचणी यशस्वी झाली. कॅनोपी तुटणे, सीटचा क्रम आणि पुतळ्याची संपूर्ण सुटका या तिन्ही गोष्टी तीत तपासल्या गेल्या.

जमिनीवरील बचाव

अपघातग्रस्त विमानातील वैमानिक बेशुद्ध असेल तर कॅनोपी बाहेरून उघडावी लागते. म्हणून लढाऊ विमानांच्या दोन्ही बाजूंना लहान झाकणांमागे विमोचनाचे हँडल असते आणि तेथे बाण व सूचना रंगवलेल्या असतात. अनेक अमेरिकी विमानांवर कडी सहा फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर, बाहेर ओढावी असे लिहिलेले आढळते. तार मुद्दाम इतकी लांब ठेवलेली असते, कारण ओढणारा माणूस कॅनोपी उडताना विमानाला चिकटून उभा असता कामा नये. बचाव पथकाला त्याआधी सीटच्या सुरक्षा खिळी बसवाव्या लागतात; अन्यथा वैमानिकाला बाहेर काढताना हँडलला धक्का लागून सीटच सुटण्याची भीती असते. विमान तळावर उभे असताना याच खिळींना लाल फिती बांधलेल्या दिसतात.

आग वा तातडीचा धोका नसेल तर जमिनीवर ही यंत्रणा शक्यतो वापरली जात नाही. १० एप्रिल २००६ रोजी अमेरिकेच्या लँगली तळावर एफ-२२ विमानाची कॅनोपी खटक्यात अडकून बसली आणि वैमानिक सुमारे पाच तास आतच राहिला. शेवटी अग्निशमन दलाने करवतीने कॅनोपी कापून त्याला बाहेर काढले. त्या एका कॅनोपीची किंमत सुमारे १ लाख ८२ हजार डॉलर होती.